पेटींतला समुद्र

छंदांचे दोन वर्ग करतां येतात. पहिल्या वर्गांतले छंद आपण वाटेल तेव्हां बाजूस ठेवूं शकतों. दुसऱ्या वर्गांतले छंद, आपण कंटाळलों तरी, आपणांस सोडीत नाहींत. टपालाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं जमविणारा मनुष्य वर्षभर आपल्या कपाटाकडे फिरकला नाहीं, तरी तिकिटें रुसत नाहींत आणि नाणीं उपाशी मरत नाहींत. ज्या छंदाला श्वास आहे त्याची गोष्ट निराळी. पिंजऱ्यांतला पोपट आणि कुंडींतला मोगरा यांस रजेचा दिवस ठाऊक नसतो. त्यांतहि खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय म्हणजे या वर्गाचा मेरुमणि होय. पोपटास डाळ आणि मिरची दिली कीं आपलें कर्तव्य संपलें. हवा त्यास फुकट मिळते. सागरांतल्या माशास मात्र अन्नाच्याहि आधीं समुद्र पुरवावा लागतो. आणि तो एकदां पुरवून भागत नाहीं, रोज पुरवावा लागतो.

हा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर आणला तो आमच्या भाच्यानें. हे चिरंजीव मुंबईस नोकरी करतात, आणि त्यांच्या दीड खोलीच्या बिऱ्हाडांत दोन वर्षांपासून एक लहानसा समुद्र सुखानें नांदत आहे. आमच्या मातोश्री गेल्या वर्षीं निवर्तल्या. पुण्याच्या घरांत ज्या कोपऱ्यांत सात वर्षें त्यांची खाट होती, तो कोपरा तेव्हांपासून रिकामा होता. तेथें आरामखुर्ची ठेवून पाहिली, पुस्तकांचें कपाट ठेवून पाहिलें. पण त्या जागेला कांहींच मानवेना. दिवाळींत भाचा आला, त्या कोपऱ्याकडे क्षणभर पाहत राहिला, आणि म्हणाला, "मामा, इथं समुद्र ठेवा." आम्हांस ती कल्पना एकदम पटली. सौभाग्यवती मात्र कांहींच बोलल्या नाहींत. आणि तीस वर्षांच्या संसारानंतर त्या मौनाचा अर्थ लावण्यास आम्हांस कोशाची गरज उरलेली नाहीं.

नवशिक्यानें कोणती पेटी घ्यावी, हा पहिला प्रश्न. भाच्याचें मत असें कीं ज्यास ऑल-इन-वन म्हणतात तीच घ्यावी. अनुभवी लोक कांचेच्या टाकीखालीं दुसरी टाकी ठेवतात, मध्यें नळ्यांचें जाळें विणतात, आणि त्या जाळ्यांतून एके दिवशीं खोलीभर पाणी होतें. ऑल-इन-वन पेटी म्हणजे स्वयंपाकघरांतला मिसळणाचा डबाच; जें जें लागणार तें एकाच झाकणाखालीं. पेटीच्या मागील बाजूस एक काळा पडदा असतो आणि त्यामागें दोन-तीन अरुंद कप्पे. पडद्याच्या वरच्या कडेला फणीसारखे दांते असतात. त्यांतून पाणी मागें उतरतें. पहिल्या कप्प्यांत स्पंज किंवा कापूस असतो, तो गाळ धरतो. दुसऱ्यांत प्रोटीन स्किमर नांवाचें यंत्र बारीक बुडबुड्यांचा फेस करून पाण्यांतली घाण कुजण्यापूर्वींच वर काढतें. तिसऱ्या कप्प्यांतला पंप तें पाणी पुन्हा पुढें ढकलतो. पुढून पाहणाऱ्याला यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याला दिसतो निळा प्रकाश, स्वच्छ वाळू आणि संथपणें फिरणारे मासे.

या रचनेंतली एक गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली. उघड्या पाण्याची वाफ होतच असते. परंतु अशा पेटींत पुढील पाण्याची पातळी यत्किंचितहि उतरत नाहीं. ती दांत्यांच्या उंचीनें बांधलेली असते. सारी तूट दिसते ती पडद्यामागें, शेवटल्या कप्प्यांत. शिवाय वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरांच्या पेटींत साडेतीन किलो. दररोज एक लिटर पाणी उडालें आणि तें कोणीं भरलें नाहीं, तर दहा दिवसांत उरलेल्या ९० लिटरांत तेवढेंच मीठ राहतें, आणि ३५ चे जवळजवळ ३९ होतात. म्हणून रोज गोडें पाणी घालावयाचें, खारें नव्हे. बैठकींत बसलेल्या पाहुण्यास घर भरलेलें दिसतें. डब्याचा तळ दिसतो तो स्वयंपाकघरांत.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास या प्रसंगीं अ‍ॅना थाइन यांची आठवण होणें अपरिहार्य होतें. १८४६ सालीं या बाईंनीं इंग्लंडच्या टॉर्की येथील किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ते प्रवासांत हलूं नयेत म्हणून सुईदोऱ्यानें स्पंजाला शिवून आणले. लंडनमध्यें रोज ताजें समुद्रजल कोठून मिळणार? तेव्हां त्यांनीं असा उपाय योजिला कीं तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत राहावें, म्हणजे त्यांत हवा मिसळेल. हें काम दररोज अर्धा-पाऊण तास घरांतली मोलकरीण करी. प्रवाळ सुमारें तीन वर्षें जगले. कांचेंतल्या समुद्राच्या इतिहासांत या बाईंचें नांव गौरवानें घेतात, आणि तें योग्यच आहे. पण पहिला पंप कोणता, असें कोणी विचारील तर तो त्या मोलकरणीचा हात होय. आणि तिचें नांव आमच्या वाचनांत कोठेंहि आलेलें नाहीं.

ही हकीकत आम्हीं मोठ्या हौसेनें घरीं सांगितली. सौभाग्यवतींनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "मग आपल्याकडे पाणी कोण ओतणार?"

प्रश्न साधा होता. परंतु त्यामागें सात वर्षें उभीं होतीं. मातोश्रींच्या खाटेपाशीं येऊन बसणाऱ्यांत आम्ही होतों, आप्तेष्ट होते, शेजारी होते. सर्वजण म्हणत, काय प्रसन्न खोली ठेवली आहे! ती प्रसन्नता पहांटे पांचपासून रात्रीं अकरापर्यंत कोण निर्माण करीत होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. त्या सात वर्षांत आम्हीं उभयतांनीं एकहि रात्र एकत्र घराबाहेर काढली नव्हती. आतां कोठें त्यांचे हात मोकळे झाले होते. आणि त्याच कोपऱ्यांत, शोभेच्या नांवाखालीं, आम्ही त्यांस पुन्हा एक न बोलणारें दुखणाईत आणून देणार होतों. पेटी कोणती घ्यावी, हा प्रश्न त्या क्षणीं मागें पडला. पडद्यामागें कोण उभें राहणार, हा पुढें आला. तो प्रश्न सुटल्यावांचून दुकानाची पायरी चढावयाची नाहीं, असें आम्हीं ठरविलें. पाणी आम्ही घालूं, असें वचन दिलें. त्यावर, "वचन नको, घड्याळ लावा," असें उत्तर मिळालें. तेव्हांपासून सकाळच्या चहापूर्वीं खिडकींतल्या कुंड्यांना एक लिटर पाणी मोजून घालण्याचा परिपाठ आम्हीं तीन महिने चालविला. परीक्षा घेणाऱ्यास परीक्षेस बसतांना पाहून भाच्यास फार मौज वाटली.

परीक्षा उतरलों, तेव्हां आकाराचा प्रश्न आला. नवशिक्याची बुद्धि म्हणते, लहान पेटी सोपी. खरा प्रकार अगदीं उलट आहे. लहान पातेल्यांतलें दूध लवकर उतू जातें, तसें लहान पेटींतलें पाणी लवकर बिघडतें. २० लिटरांत एक मासा मरून कुजला कीं सगळाच संसार धोक्यांत. १०० लिटरांत तोच अपराध बराचसा पोटांत घातला जातो. समुद्राला क्षमा करतां येते ती त्याच्या अफाटपणामुळें. आपण जितका समुद्र आखडून घेऊं, तितकी क्षमा आपण पदरची घालावयाची. पण मोठेपणासहि मर्यादा आहे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. त्यावर दगड, वाळू आणि कांच. दोन भरल्या अंगाचीं माणसें एकाच मेजावर अहोरात्र बसून राहिल्यासारखें तें होय. पेटीखालचें मेज निवडतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

दुकानांत गेल्यावर पुढील बाजू पाहूं नये. ती सर्वच पेट्यांची सुंदर असते. मागील कप्प्यांत हात घालून पाहावा. हात शिरत नसेल तर पंप साफ कसा करणार? पंप किंवा दिवा बिघडल्यास दुसऱ्या बनावटीचा तेथें बसेल कीं जन्मभर त्याच कारखान्याचें दार ठोठावावें लागेल, हें विचारावें. वर जाळीचें झाकण आहे कीं नाहीं हें पाहावें; कारण मासे उडी मारतात, आणि जमिनीवर पडलेला मासा सकाळीं सांपडणें हें कोणत्याहि छंदाचें शुभ प्रस्थान नव्हे. थंड देशांत पाणी तापविण्याचें यंत्र आवश्यक. आमच्याकडे संकट उलट्या दिशेनें येतें. या जीवांस २४ ते २७ अंशांचें पाणी मानवतें, आणि पुण्याचा एप्रिल महिना कोणाची भीड ठेवीत नाहीं. पाणी थंड करणारा चिलर कोठें बसेल, त्याची ऊष्णता कोठें जाईल, आणि वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आहे कीं नाहीं, हें आधीं ठरवावें. पेटीची किंमत म्हणजे केवळ साखरपुड्याचा खर्च. लग्न पुढेंच असतें. "घरच्या मिठाचं काय वाईट?" असा प्रश्न आमच्या घरीं निघालाच. उत्तर असें कीं स्वयंपाकाचें मीठ हें जवळजवळ एकच क्षार होय. समुद्रांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचीहि हजेरी लागते. तें मिश्रण विकत मिळतें. आणि आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावयाचें म्हणजे दर खेपेस साडेतीनशें ग्रॅम तें लागतें.

आतां राहिला प्रवाळांचा प्रश्न. मुंबईच्या एका दुकानांत मालकानें आम्हांस सांगितलें, "साहेब, उद्यांच मासे सोडा, आणि कोरल हवं असेल तर मंगळवारीं आणून देतों." यांतलीं दोन्ही वाक्यें त्याज्य होतीं. पहिलें अशासाठीं कीं नव्या पाण्यांत माशांच्या मलापासून अमोनिया होतो, आणि तो विषारी असतो. त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग त्या मानानें निरुपद्रवी असें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु दगडांत वस्तीस येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दुसरें अशासाठीं कीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या समुद्रांतल्या अश्मप्रवाळांस पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे प्रत्यक्ष वाघाच्या पंक्तीला, बसविलें आहे. आमच्या दिवाणखान्यांत वाघ शोभणार नाहीं, हें आम्हांस पूर्वींच ठाऊक होतें. प्रवाळहि शोभणार नाहीं, हें त्या दिवशीं ठरलें.

तें केवळ कायद्याच्या धाकानें ठरलें असें मात्र नव्हे. फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ सालीं मत्स्यालयावर पुस्तक लिहिलें आणि साऱ्या इंग्लंडला या छंदाचें वेड लावलें. त्यांचे चिरंजीव एडमंड यांनीं १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथेंत, बालपणीं पाहिलेल्या खडकांतल्या त्या सुंदर डबक्यांची पुढें संग्राहकांच्या झुंडींनीं कशी धूळधाण केली, तें दुःखानें नमूद केलें आहे. पित्याच्या पुस्तकानेंच तीं माणसें किनाऱ्यावर आणलीं होतीं. त्यांना त्या जीवांचा द्वेष नव्हता, प्रेमच होतें. पण प्रत्येकाच्या प्रेमाला एकेक बरणी होती. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, भर समुद्रांत, एक बुडालेलें प्रवाळांचें पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. प्रवाळांच्या कांहीं जाति वर्षाकांठीं जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. हातभर उंचीचा तसला प्रवाळ म्हणजे आपल्या एका पिढीहून जुना. तो तेथेंच असूं द्यावा. आपण नसलेल्या ठिकाणींहि कांहीं वैभव आहे, ही जाणीव घरांतल्या शोभेपेक्षां थोर आहे.

म्हणून आमच्या पेटींत मेलेले, कोरडे दगड आहेत, आणि त्यांवर पुढें विदूषक माशांचें एक जोडपें येईल. हा मासा समुद्रांत समुद्रफुलांच्या आश्रयानें राहतो. पण पेटींत त्यावांचून त्याचें अडत नाहीं. त्याची पैदास बंदिस्त टाक्यांत होऊं शकते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें तशी करून दाखविली आहे. तशा टाकींत जन्मलेलाच मासा आणावयाचा, समुद्रांतून उचललेला नव्हे, असें भाच्यास बजावून ठेवलें आहे. नीट सांभाळल्यास तो दहा वर्षांहून अधिक जगतो. आम्ही सत्तावन्न वर्षांचे आहों. हा हिशेब मांडतांना आम्ही जरा थांबलों, हें कबूल केलें पाहिजे. मग भाच्याकडून लेखी घेतलें कीं वेळ आली तर उरलेला समुद्र तो मुंबईस नेईल.

सौभाग्यवतींची एकच अट होती. तूट भरून काढणारें स्वयंचलित भांडें पेटीस जोडावयाचें, आणि मासे येण्यापूर्वींच्या त्या चार-सहा आठवड्यांत, जेव्हां घरांत कोणीच आपल्यावर अवलंबून नाहीं, तेव्हां उभयतांनीं मालवणास जाऊन यावयाचें. १९८७ पासून तेथील समुद्राचा एक भाग सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्गाच्या आसपास होडीवाले लोकांस चष्मा देऊन पाण्यांत उतरवितात. त्यांस पोहतां येत नाहीं, आणि आम्हांसहि. पण पाण्यावर तरंगविणारें जाकीट मिळतें म्हणतात.

सध्या पेटींत नुसतें पाणी आणि दगड आहेत. येणारे-जाणारे वांकून पाहतात आणि मासे कोठें आहेत म्हणून विचारतात. अजून यावयाचे आहेत, असें आम्ही सांगतों, आणि पडद्यामागील कप्प्यांत पाणी किती उतरलें तें पाहावयास जातों. सोमवारच्या गाडीचीं दोन तिकिटें काढलीं आहेत.