खर्ची

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण विशेष नाही, नेहमीचाच आळस. पण परवा एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जाईना, म्हणून बसलो.

अण्णांना डॉक्टरांकडे दाखवून मुंबईहून नाशिकला परत येत होतो. वाटेत एका चकचकीत फूड मॉलवर गाडी थांबवली. भिंतीवरचा थाळीचा दर होता 280 रुपये. अण्णांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "एवढ्यात आमची दोघांची दिल्ली झाली असती रे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे अण्णा 26 वर्षं ट्रक चालवत होते. लासलगावला कांदा भरायचा आणि आग्रा रोडने धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्लीच्या आझादपूर मंडीत खाली करायचा. साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. येताना आग्र्याकडचा बटाटा मिळाला तर उत्तम, नाहीतर मिळेल ते भाडं. मालक प्रत्येक खेपेला ठरावीक खर्ची द्यायचा. त्यात अण्णांनी आणि क्लीनरने खायचं-प्यायचं. उरेल ते आपलं. अण्णांच्या सगळ्या स्वयंपाकामागे हा एवढाच हिशेब होता.

1996च्या मे महिन्यात, सातवीची परीक्षा संपल्यावर, हट्ट करून मी त्यांच्याबरोबर गेलो. ट्रकच्या बाजूला एक लाकडी पेटी ठोकलेली होती. ते आमचं स्वयंपाकघर. पंपाचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, छोटा कुकर, तवा, परात आणि तांदूळ, तूरडाळ, बेसन, तिखट-मिठाचे डबे. पहिले दोन दिवस आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्यापुढचं ज्याचं त्याने. बाजरीचं पीठ आई कधी द्यायची नाही, उन्हात कडू होतं म्हणून. ज्वारीचं द्यायची.

अण्णांचे काही नियम होते. पहिला म्हणजे, जेवण कुठे मिळतं ते बघून थांबायचं नाही, पाणी कुठे आहे ते बघून थांबायचं. हापसा असलेले ढाबे त्यांना पाठ होते. तिथे तीन चहा घेतले की मालक मागच्या बाजूला स्टोव्ह पेटवू द्यायचा. मागच्या दोन चाकांच्या आडोशाला स्टोव्ह ठेवायचा, म्हणजे वारा लागत नाही आणि रॉकेल कमी जळतं.

दुसरा नियम मला फार नंतर कळला, मीच पुण्यात खोली घेऊन राहायला लागलो तेव्हा. रोटी विकत घ्यायची, कालवण आपलं करायचं. ढाब्यावर पैसे जातात ते डाळ-भाजीत. रोटी स्वस्त असते. उलट स्टोव्हवर भाकऱ्या थापत बसलं तर तास मोडतो आणि रॉकेलही संपतं. म्हणून ओळखीच्या ढाब्यावरून नुसत्या तंदूर रोट्या आणायच्या आणि आपलं पिठलं किंवा डाळ. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. निम्मे ड्रायव्हर तेच करायचे.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात आवडलं, ते म्हणजे अदलाबदल. सेंधव्याच्या अलीकडे, राज्याच्या सीमेवर, तपासणी नाक्याची लांबलचक रांग लागायची. आम्ही तिथे सात तास उभे होतो. त्या सात तासांत आमच्याकडचे पाच-सहा कांदे पुढच्या गाडीत गेले आणि तिथून टोमॅटो आले. मागच्या गाडीतून कोणीतरी मूठभर हिरव्या मिरच्या पाठवल्या. त्या दिवशीच्या खिचडीची चव अजून जिभेवर आहे.

आता पनीरबद्दल. शिवपुरीच्या पुढे एका ढाब्यावर रात्री थांबलो. शेजारच्या बाजेवर कुणीतरी पनीरची भाजी खात होतं. मी आयुष्यात पनीर खाल्लं नव्हतं. मी नुसतं बघत होतो, तोंडाने काही मागितलं नाही, पण अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मागवलं. एकच प्लेट. "तुम्ही?" विचारल्यावर म्हणाले, "मला भूक नाही, तुम्ही दोघं खा." आणि चहा पीत बसले. क्लीनर, आमच्याच गावचा पोरगा, त्याने एक रोटी डाळीबरोबर खाल्ली आणि भाजीला हात लावला नाही. मी सगळी संपवली.

अण्णांची हिशेबाची वही आईने जपून ठेवली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी घर आवरताना ती हाती लागली. त्या खेपेच्या पानावर एक ओळ आहे : "चिरंजीव पनीर 18". त्याच्यापुढच्या दोन दिवसांत फक्त चहा आणि रोटी लिहिलेली. आणि शेवटी, "शिल्लक 340, फी". माझी आठवीची फी, वह्या, गणवेश, पुढे डिप्लोमा, सगळं अशा शिलकीतून झालं.

वही वाचून मला रडू आलं होतं. परवा गाडीत धीर करून अण्णांना विचारलं. ते हसायलाच लागले. "अरे, दुपारची खिचडी अंगावर आली होती. खरंच भूक नव्हती." खरं असेल. नसेलही. त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, "पूर्वी जेवणाच्या वेळा काय होत्या?" तेव्हाही ते असेच हसले होते. साखर आहे, पित्त तर कायमचंच.

असो. फूड मॉलमध्ये त्यांनी फक्त चहा घेतला आणि विचारलं, "इथे ट्रकवाले कुठे जेवतात?" मला उत्तर देता येईना. बाहेर आलो तर पार्किंगच्या पार टोकाला तमिळनाडूचा नंबर असलेला एक ट्रक उभा. आडोशाला छोटा सिलिंडर, त्यावर भात. अण्णा काठी टेकत सरळ तिकडेच गेले. मोडक्या हिंदीत दोघांचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण परत आले ते हातात कागदावर चिंचेचा भात घेऊन.

तो ड्रायव्हर म्हणत होता, आता रांधायला वेळच मिळत नाही. 2017मध्ये जीएसटी आला, नाक्यांवरच्या रांगा गेल्या, रस्ते सुधारले. हे चांगलंच झालं. पण मालक आता तासांवर खेप मोजतो, त्यामुळे सिलिंडर बऱ्याचदा पेटीतच राहतो आणि पैसे हॉटेलात जातात. सात तासांची ती रांग आम्हाला शिक्षा वाटायची, पण आमची खिचडी त्या रांगेतच शिजत होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर ड्रायव्हरांसाठी 'अपना घर' नावाच्या सोयी केल्या आहेत. 2025पर्यंत देशभर अशा साडेतीनशेहून अधिक जागा झाल्या होत्या. झोपायला खाटा, आंघोळीची सोय, प्यायचं पाणी आणि स्वतः रांधायला जागाही. घरी आल्यावर अण्णांना हे वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रांधायच्या जागेला वारा लागतो का?"

ते मात्र बातमीत नव्हतं.

(आक्का, तू हे वाचत असशील तर आईला चिंचेच्या भाताचं सांगू नकोस. अण्णांना भात बंद आहे.)