वास शरीराला येतो, जातीला नाही

गेल्या वर्षावासात रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आमचे जाणे-येणे होते. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चाले. एक मावशी रोज यायच्या, पण आत बसायच्या नाहीत. बाहेर पडवीत, दाराच्या कडेला, एकट्या. आत या म्हटले की म्हणायच्या, “हितं वारा बरा लागतो.” मानेला पावडर, पदराला अत्तर. आम्हाला वाटले, असतो एकेकाचा स्वभाव.

दोन महिन्यांनी त्यांच्या सुनेने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले. मावशींची पाळी जाऊन दहा वर्षे झाली होती, तरी अंगावरून जात होते आणि त्याला घाण वास येत होता. तपासणी केली तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, तोही पुढच्या टप्प्याचा. एवढे दिवस का थांबलात, असे आम्ही विचारले. मावशी म्हणाल्या, “वास येतो ह्ये कुनाला सांगायचं? आदीच लोक काय कमी बोलले आपल्याला?”

हे वाक्य आम्हाला झोपू देत नाही. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही पवित्र-अपवित्राच्या संकल्पनेवर पानेच्या पाने लिहिली. पण ही संकल्पना एखाद्या बाईला दवाखान्याच्या दारातून परत फिरवते, हे कोणत्याही पेपरात आले नव्हते. शाळेत आमच्या शेजारी बसलेल्या मुलाने नाकाला रुमाल लावला होता, त्या दिवसापासून आम्हीही दोनदा साबण लावून आंघोळ करायचो. मावशींची पावडर आणि आमचा साबण यांत फरक तो काय?

त्याच सुमारास एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला एक तक्ता दाखवला. चिनी वैद्यकानुसार अंगाच्या वासावरून आजार कसा ओळखायचा, याचा. त्याला ते फार शास्त्रीय वाटले होते. म्हणून आम्ही तो विषय नीट वाचून काढला.

पारंपरिक चिनी वैद्यकात रोगी तपासण्याच्या चार रीती आहेत: पाहणे, ऐकणे-हुंगणे, विचारणे आणि नाडीला हात लावणे. यातल्या दुसऱ्या रीतीला एकच शब्द आहे, ‘वेन’. त्याचा अर्थ ऐकणे असाही होतो आणि वास घेणे असाही. लिहिताना या अक्षरात दाराच्या आत कान काढतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात पाच वास पाच अवयवांशी जोडले आहेत. खवट वास यकृताचा, करपट हृदयाचा, गोडसर सुगंधी प्लीहेचा, माशासारखा हिवस फुप्फुसाचा आणि कुजकट मूत्रपिंडाचा.

हा तक्ता खरा मानायचा का? तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले, ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. हा नियम आपण मनुस्मृतीला लावतो, तो चिनी ग्रंथालाही लावला पाहिजे. पाच तत्त्वे, पाच अवयव, पाच वास ही जुळवाजुळव प्रयोगातून आलेली नाही. मासळीसारखा वास आला म्हणून फुप्फुस बिघडले, असे होत नाही. तसे असते तर मिरकरवाडा बंदरावर काम करणाऱ्या सगळ्या बाया फुप्फुसाच्या रोगी ठरल्या असत्या! तो वास कामाचा असतो, शरीराचा नव्हे.

पण वासातून आजार कळू शकतो, हे मूळ निरीक्षण मात्र खोटे नाही. मधुमेह हाताबाहेर गेला की रक्तात कीटोन साचतात आणि श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की श्वासाला लघवीसारखा वास येऊ शकतो. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न या परिचारिकेला नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवला, तो त्याच्या पार्किन्सनच्या निदानाआधी कित्येक वर्षे. पुढे संशोधकांनी त्यांना सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे टीशर्ट हुंगायला दिले. त्यांनी सहाही रुग्ण ओळखले आणि एका ‘निरोगी’ माणसालाही रुग्ण म्हटले. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सनच निघाला.

नाक खरे बोलू शकते. पण त्याच नाकाला समाज खोटे बोलायलाही शिकवतो. चीनचेच बघा. काखेच्या उग्र वासाला तिथे आज ‘कोल्ह्याचा वास’ म्हणतात. इतिहासकार चेन यिन्के यांनी दाखवून दिले की जुना शब्द ‘हू लोकांचा वास’ असा असावा. हू म्हणजे पश्चिम-उत्तरेकडून आलेले परके, रानटी मानलेले लोक. आजचे विज्ञान सांगते की ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. त्वचेवरचे जिवाणू काखेतला घाम विघटित करतात तेव्हा वास येतो. तो कमी-जास्त होण्यात एका जनुकाचाही वाटा असतो आणि पूर्व आशियातल्या बहुसंख्य लोकांत त्या जनुकामुळे हा वास मुळातच कमी असतो. म्हणजे शरीरातला साधा फरक, आणि त्याला नाव मिळाले परक्या माणसाच्या जमातीचे.

आपल्याकडे तर याहून पुढची पायरी गाठली. आधी घाण उपसण्याचे काम जातीवर लादले, मग त्या कामाचा वास जातीच्या अंगाला चिकटवला, आणि शेवटी त्या वासाचा दाखला देऊन जातीला दूर बसवले. माणूस काम सोडतो, शिकतो, मुंबईला जातो, तरी समोरच्याचे नाक जुन्याच पत्त्यावर हुंगत राहते.

दूर बसवण्याची किंमत काय असते, ते बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवले आहे. 1929 साली ‘यंग इंडिया’त छापून आलेले काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र त्यांनी त्यात दिले. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर महत्प्रयासाने आला, पण त्याने तिला हात लावला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाकडे दिले, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. त्याच वाटेने ते परत आले. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. ती बाई वाचली नाही. नाडी, श्वास, वास, शब्द यांतले काहीच त्या डॉक्टरपर्यंत पोहोचले नव्हते. पोहोचला तो फक्त पारा.

आमच्या मावशींचे काय झाले? इथे तर कुणी त्यांना दूर बसवले नव्हते. त्या स्वतःच दूर बसल्या. जातीने शिकवलेली लाज त्यांनी आपल्याच विहारात पाळली आणि आम्ही रोज धम्म वाचणारे लोक ती ओळखू शकलो नाही. हा दोष आमचा आहे.

महावग्गात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग तथागतांनी संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आम्हाला चिनी तक्त्याची गरज नाही. चिनी वैद्याची एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे वास घेणे आणि ऐकून घेणे हे एकच काम आहे. दोन्हींसाठी जवळ बसावे लागते.

म्हणून तरुण साथींना सांगणे आहे. आपल्या आया, मावश्या, आज्या यांच्याशी यावर उघड बोला. पाळी गेल्यावर रक्त जाणे, अंगावरून घाण वासाचे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, मधुमेहात जखम चिघळून वास येणे, ही लाजेची नव्हे तर तपासणीची कारणे आहेत. अशा प्रत्येक वासामागे कर्करोग नसतो. बऱ्याचदा साधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. पण ते ठरवायचे डॉक्टरने, अत्तराने नव्हे. सरकारी आरोग्य यंत्रणेत तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. वाडीतल्या पाच बायांना घेऊन जा. तिथे कुणी नाक मुरडले तर तिथल्या तिथे जाब विचारा.

मावशींचे उपचार चालू आहेत. परवाच्या पौर्णिमेला त्या विहारात आल्या आणि सवयीने पडवीत टेकल्या. आम्ही ग्रंथ घेऊन बाहेर गेलो, त्यांच्या शेजारी सतरंजी टाकली आणि तिथूनच वाचायला सुरुवात केली. हळूहळू सगळी वाडी बाहेर येऊन बसली.

जय भीम. नमो बुद्धाय.