पाणी मिठामागें जातें

खाडीचें पाणी भातखाचरांत शिरलें म्हणजे रोपें बुडून मरत नाहींत. तीं तहानेनें मरतात. हें विधान वाचकांस विपरीत वाटेल. परंतु आमच्या बेटेगांवाहून पश्चिमेस समुद्राकडे जाऊं लागलें म्हणजे जीं खाजणें लागतात, तेथील शेतकऱ्यास तें पटवून द्यावें लागत नाहीं. उधाणानें बांध फुटला कीं घोटाभर पाण्यांत उभें असलेलें रोप थोड्याच दिवसांत करपतें. मिठाचें विष अंगीं भिनतें तें मागाहून; आधीं मुळांत पाणी शिरेनासें होतें, आणि होतें तेंही बाहेर ओढलें जातें.

गृहिणींस ही गोष्ट नवी नाहीं. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेविलें कीं तासाभरांत खार सुटतो. त्यांत कोणी पाणी घातलेलें नसतें. उलट रात्रीं भिजत घातलेल्या मनुका सकाळीं टम्म फुगतात. जिकडे मीठ वा साखर अधिक, तिकडे पाणी जातें, इतकाच नियम. शास्त्रीय मराठींत या क्रियेस 'तर्षण' म्हणतात. तृष् धातूंतील तहान ज्यानें येथें नेमकी आणिली, त्यास आमचा नमस्कार असो. शाळेच्या पुस्तकांत 'परासरण' असा शब्द असतो. तो अशुद्ध नव्हे, पण त्याला तहान लागत नाहीं.

मात्र पाणी जावें आणि मीठ मागें राहावें, यासाठीं मध्यें कांहीं आडवें हवें. तें म्हणजे पेशीचें पटल. मिलिमीटराचे एक लक्ष भाग कल्पिले तर त्यांतील एका भागाहूनही हें पातळ. तें स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचें आहे, असें हॉलंडांतील गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं 1925 सालीं दाखविलें. स्निग्धांतून मीठ पार होत नाहीं. पाणी थोडें झिरपतें. परंतु मूत्रपिंडासारख्या ठिकाणीं नुसत्या झिरपण्यानें काम भागत नाहीं. तेथें खास पाण्याचीं दारें असतात. तीं शोधून काढणारे पीटर अ‍ॅग्री यांस 2003 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अशा एका दारांतून सेकंदास पाण्याचे अब्जावधि रेणू जातात, पण मिठाचा कण जात नाहीं. मौज अशी कीं पेशीजवळ पाण्याचा रहाट नाहीं. रहाट आहे तो मिठाचा. सोडियमचे तीन कण बाहेर काढून पोटॅशियमचे दोन आंत घेणारा हा रहाट डेन्मार्कच्या स्कू यांस 1957 सालीं खेकड्याच्या मज्जातंतूंत सांपडला. पाणी हलवावयाचें असेल तर आधीं मीठ हलवावें लागतें. खाडीकांठचें तिवर हेंच करतें: पुष्कळसें मीठ मुळाशींच अडवितें आणि उरलेलें पानांतून बाहेर टाकतें. तिवराचें पान जिभेस लावून पाहावें.

हें सर्व पुस्तकी ज्ञान म्हणून राहिलें असतें. पण गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतण्याच्या चार वर्षांच्या मुलीस जुलाब लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. पुतण्यानें कोठल्याशा दुकानांतून थंड गोड पेयाची बाटली आणिली. वडील वहिनींच्या मतें पोटास विसावा देऊन पाणी बंद ठेवावयास हवें होतें. "भावोजी, पोटांत पाणी ठरतच नाहीं, मग आणखी ओतून काय साधणार?"

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो एके काळीं मोठमोठ्या डॉक्टरांसही पडला होता, आणि शिरेंतून सलाईन देण्यावांचून त्यांस उपाय दिसत नव्हता. उत्तर आंतड्याच्या पेशींतील एका दारांत होतें. हें दार मिठांतील एकट्या सोडियमास उघडत नाहीं, एकट्या ग्लुकोजासही उघडत नाहीं. दोन्हीं जोडीनें आलीं तरच आंत घेतें. रॉबर्ट क्रेन यांनीं ही कल्पना 1960 सालीं प्राग येथें मांडली. जोडी आंत गेली कीं पाणी नियमाप्रमाणें मागोमाग जातें. पटकीचें विष क्षार बाहेर सोडणारें दुसरें दार सताड उघडतें व त्यामागें पाणी वाहूं लागतें. पण हें जोडीचें दार त्यानें बंद होत नाहीं. वहिनींचें म्हणणें नुसत्या पाण्यापुरतें बव्हंशीं खरें होतें. बाटलींतील पेयाची गोष्ट निराळी: त्यांतील दाट साखर आंतड्यांत राहून शरीरांतलेंच पाणी ओढून घेते. कैरीचा खारच तो! ती बाटली आम्हीं बाजूस ठेवविली.

या दाराची मोठी परीक्षा 1971 सालीं झाली. पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांत बनगाव येथें पटकी उसळली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं लिटरास 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ व 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असें पाणी पिंपांतून पुरविलें आणि पाजण्याचें काम रोग्यांच्या आप्तांकडे सोंपविलें. जेथें शेंकडा 30 च्या आसपास माणसें दगावत होतीं, तेथें या उपचारांत हें प्रमाण शेंकडा 3.6 पर्यंत उतरलें. महालनबीस 2022 सालीं निवर्तले. पद्मविभूषण त्यांस मरणानंतर, 2023 सालीं मिळालें. सरकारास इतका उशीर कां लागावा, हें आम्हांस कळत नाहीं.

क्षारसंजीवनीची तयार पुडी सर्वांत उत्तम. ती त्या दिवशीं घरांत नव्हती. म्हणून उकळून निवविलेल्या 1 लिटर पाण्यांत चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळविलें. बोईसरच्या डॉक्टरांकडे नेण्यास गाडी येईपर्यंत मुलीच्या आईनें तें चमच्याचमच्यानें पाजलें. ओकारी झाली कीं दहा मिनिटें थांबून पुनः पाजलें. डॉक्टरांनीं तेंच चालूं ठेवण्यास सांगून जस्ताच्या गोळ्या दिल्या. रात्रीं मुलीस लघवी झाली, तेव्हां घर जेवावयास बसलें.

मीठ अधिक झाल्यास तेंच पाणी पोटांत खाजण करतें. म्हणून अश्रूंहून खारट लागेल तें पाजूं नये, असें आम्हीं वहिनींस सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशींचें पातेलें त्यांनीं बोटानें चाखलें आणि कांहीं न बोलतां मोरींत ओतलें. सुनेनें चमचा शिगेचा भरला होता.