पोटदुखी : घाई कुठे आणि धीर कुठे?

लहान मूल पोट धरून बसले की आपल्या वस्तीत उपायांना तोटा नसतो. कोणी ओवा चावायला देते, कोणी हिंग लावते, कोणी बेंबी सरकली म्हणून पोट चोळते, कोणी एरंडेल पाजते. पण दुखणे अपेंडिक्सचे असेल तर पोट चोळणे आणि जुलाब देणे जिवावर बेतू शकते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नऊ वर्षांच्या मुलावर ही वेळ आली. सकाळी बेंबीभोवती दुखत होते, दुपारी दुखणे उजवीकडे खाली उतरले. जेवण नको झाले, दोनदा उलटी झाली, अंग तापले, पोरगा वाकून चालू लागला. आम्ही दोघांनी कामावर खाडा केला आणि दिवस मावळायच्या आत सरकारी इस्पितळ गाठले.

रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. अपेंडिक्सला सूज आहे, फुटलेले नाही, ऑपरेशन सकाळी करू, असे डॉक्टरांनी सांगितले. सोबतचे आमचे मेहुणे भडकले, "गरिबाचं पोर म्हणून उद्यावर ढकलता काय?"

आम्ही डॉक्टरांना थांबण्याचे कारण विचारले. त्यांनी सांगितले, की अपेंडिक्स फुटलेले नसेल तर सलाईन व अँटिबायोटिक सुरू करून 24 तासांच्या आत ऑपरेशन केले तरी चालते. रात्रभर मुलावर नजर राहील, दुखणे वाढले तर रात्रीच घेऊ. आपत्कालीन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने 2020 साली दिलेल्या सूचनांतही मुलांसाठी हीच मर्यादा आहे. सकाळी ऑपरेशन झाले, तिसऱ्या दिवशी मुलगा घरी आला.

मग धोका कशात आहे? घरी वाट पाहण्यात. दुखणे सुरू होऊन दीड-दोन दिवस उलटले की अपेंडिक्स फुटण्याची भीती वाढत जाते. पाच वर्षांखालील मुलाला नीट सांगता येत नाही, म्हणून पुष्कळदा ते फुटल्यावरच कळते. दुखणे एकाएकी थांबले म्हणजे बरे झाले, असेही समजू नये. फुटल्यावर थोडा वेळ आराम वाटतो, मग पोटात पू पसरतो आणि ताप चढतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, असे दुखणे दिसताच मुलाला खाऊपिऊ न घालता त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. तिथे तीन गोष्टी विचाराव्यात : अपेंडिक्स फुटले आहे का? औषध सुरू झाले का? ऑपरेशन किती वाजता? हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे, तो आपला हक्क आहे.