मृत्युपत्रावरील माझी सही

2009 साली वडील देवाघरी गेले. त्यांच्या महिन्याची मिस्सा झाली त्या रात्री आईने ट्रंकेतले मृत्युपत्र माझ्या हाती दिले. उमरगा तालुक्यातील आमची 6 एकर जमीन त्यांनी मला ठेवली होती आणि गावच्या चॅपेलला 10,000 रुपये. खाली दोन साक्षीदार. एक शेजारी, दुसरा मी. त्या दिवशी घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून वडिलांनी मलाच सही करावयास सांगितले होते.

धाराशिवच्या वकीलसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला. 2002 च्या दुरुस्तीने आम्हां ख्रिस्ती लोकांवरील प्रोबेटची सक्ती उठली, हे मला ठाऊक होते. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

"मृत्युपत्र खरे आहे," ते म्हणाले, "पण साक्षीदाराला किंवा त्याच्या पत्नीला ठेवलेले काहीही 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 67 प्रमाणे रद्द होते. जमीन तुम्हांला एकट्याला मिळणार नाही."

चॅपेलचे दान मात्र शाबूत राहिले! पूर्वी मुलेबाळे असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्यासाठी काही ठेवले, तर ते मृत्युपत्र मृत्यूच्या निदान वर्षभर आधी केलेले असावे, अशी कलम 118 ची अट होती. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांनी दाद मागितली आणि 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले.

जमिनीची वाटणी आता मृत्युपत्र नसल्यासारखीच व्हायची होती. आईला एक तृतीयांश, उरलेली मुलांत समान. मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे तिघांना दोन-दोन एकर.

"बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्या," वकीलसाहेबांनी सुचविले.

अक्का तुळजापूरकडे दिलेली. ती न वाचता सही करील हे मी जाणून होतो, आणि कबूल करतो, स्टॅम्पपेपर मी त्याच दिवशी विकत घेतला. आईने तो पाहिला.

"काय लिहिलंय ते तिला वाचून दाखव. मग सही माग."

रविवारी अक्का आली. मी सारे वाचून दाखविले, कलमासकट. बराच वेळ ती गप्प होती.

"बाबांनी माझं नावच घातलं नव्हतं?"

"नाही."

तिने कागदाची घडी घालून मला परत दिला. सही केली नाही.

सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली. त्या पावसाळ्यात अक्काने आपल्या दोन एकरांत सोयाबीन पेरले. बियाण्यासाठी माझ्याकडून उसने घेतलेले पैसे तिने सुगीनंतर मोजून परत केले.