तिएरचे चाकू आणि त्यांच्या मुठी

मैत्रिणींनो, फ्रान्सला जाणं झालंच तर अत्तरांच्या दुकानांतून वेळ काढून तिएर गाव जरूर बघा. डोंगरउतारावरचं हे गाव चाकूंचं. खाली द्युरोल नदी. तिच्या पाण्याच्या जोरावर धारेचे दगड फिरत आणि कारागीर फळीवर पालथे पडून तासन् तास पाती घासत. गारठ्यात ऊब म्हणून पायांवर चक्क कुत्रा बसवून घेत! चकाकी आणण्याचं काम बायकाही करत, बरं का.

दुकानांत घडीचे चाकू हारीने मांडलेले. भुलवते ती मूठ. शिंगाची देखणी, पण गरम पाण्याने उकलते; ऑलिव्हच्या लाकडाची सुरेख शिरांची, पण महाग. मला विचाराल तर साव्वा प्रांतातला, १८९० पासूनचा ओपिनेल घ्यावा. बीच लाकडाची साधी गोल मूठ, पातं मिटू नये म्हणून फिरवायची कडी (ही भर १९५५ ची) आणि किंमत बेताची. मात्र भिजत ठेवलात तर लाकूड फुगतं, पातं उघडता उघडत नाही. धुतल्यावर लगेच पुसा, मुठीला अधूनमधून जवसाचं तेल चोळा. आपल्याकडे लिंबू-कैरी रोजचीच, तेव्हा पातं स्टेनलेसचं मागा. साधं पोलाद काळं पडतं. आणि विमानात तो मोठ्या बॅगेतच, पर्समध्ये नाही!