खासबागेंतील दगडी भिंती

कोल्हापुरास जावयाचें तें श्रीअंबाबाईच्या दर्शनास, असा आमच्या घराण्याचा पूर्वापार परिपाठ. परंतु आमच्या वडिलांच्या लेखीं त्या नगरींत दुसरेंही एक देवालय होतें. देवीची ओटी भरून झाली, कीं ते आम्हां मुलांस खासबागेकडे नेत आणि एका भव्य दगडी इमारतीसमोर वहाणा काढून क्षणभर उभे राहत. ती इमारत म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा! हें वर्तमान वाचल्यावर आम्हांस घरीं बसवेना. पुढल्याच महिन्यांत, सोळा वर्षांच्या नातीस सोबत घेऊन, आम्ही पुण्याहून कोयना गाडीनें निघालों.

हें नाट्यगृह राजर्षि शाहू छत्रपतींनीं उभारिलें. बांधकाम १९१३ मध्यें सुरू झालें व १९१५ मध्यें पुरें झालें. तेव्हां त्यास पॅलेस थिएटर म्हणत. शेजारींच त्यांनीं कुस्तीचें खासबाग मैदान बांधविलें. मल्लविद्या आणि नाट्यविद्या अशा दोघी बहिणी एकाच भिंतीच्या दोहों बाजूंस नांदाव्या, ही कल्पना त्या रसिक राजालाच सुचावी. ज्यांचें नांव पुढें या वास्तूस मिळालें, ते केशवराव १८९० चे. लहानपणींच रंगभूमीवर आलेल्या या गायकनटानें १९०८ मध्यें ‘ललितकलादर्श’ ही मंडळी काढली आणि अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, १९२१ मध्यें, इहलोक सोडला.

त्या काळचें नाटकवेड आजच्या वाचकांस सांगून खरें वाटणार नाहीं. बालगंधर्व नेसतील तसें लुगडें नेसावें, घालतील तसे दागिने घालावे, अशी मोठमोठ्या घरांतील स्त्रियांची हौस. गंधर्वांचे भक्त केशवरावांस नांवें ठेवीत आणि केशवरावांचे भक्त गंधर्वांस. पण हे दोघे ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस ‘मानापमान’ नाटकांत एकत्र उभे राहिले. केशवराव धैर्यधर, गंधर्व भामिनी. त्या प्रयोगाचें उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. पुढें तीन महिन्यांच्या आंतच केशवराव वारले.

आमचे वडील गंधर्वांच्या पंथाचे. वयाच्या बाराव्या वर्षीं त्यांनीं याच नाट्यगृहांत पिटांत बसून ‘एकच प्याला’मधील गंधर्वांची सिंधु पाहिली होती. पुढें सन १९५० च्या सुमारास गंधर्वांचा प्रयोग असल्याचें ऐकून ते मोठ्या उत्कंठेनें गेले. गंधर्वांची साठी उलटली होती, शरीर थकलें होतें, आणि तरीही ते स्त्रीवेषांत उभे होते. वडील मध्यंतरांतच परत आले. आईनें विचारलें तेव्हां “जावयास नको होतें,” एवढेंच बोलले. त्यानंतर ते कोणत्याही नाटकास गेले नाहींत. या इमारतीसमोर वहाणा काढण्याचें व्रत मात्र त्यांनीं अखेरपर्यंत मोडलें नाहीं.

आमच्या तरुणपणीं आमचें दैवत बदललें. ‘पिंजरा’ आणि त्यामागून ‘सामना’ या चित्रपटांतील डॉ. श्रीराम लागूंचे दोन्ही मास्तर आमच्या मनांत असे ठसले, कीं पुढें आम्हीं हाच पेशा पत्करला. वडिलांस हें सांगावें तों ते म्हणाले, “गंधर्व न ऐकलेल्या माणसानें नटांविषयीं बोलूं नये.” तें आमच्या जिव्हारीं लागलें. आपण आपल्या मुलांनातवंडांस असें कधीं बोलावयाचें नाहीं, असा आम्हीं मनाशीं निश्चय केला होता.

तो आम्हीं पाळला नाहीं. आमच्या नातीस कोरिया देशांतील ‘बीटीएस’ नांवाच्या सात तरुण गायकांचा नाद. जून २०२२ मध्यें त्यांनीं एकत्र कार्यक्रम कांहीं काळ थांबविण्याचें जाहीर केलें, तेव्हां ती उशींत तोंड खुपसून रडली. आम्ही हंसून म्हणालों, “ज्यांची भाषासुद्धां कळत नाहीं, त्या नाचऱ्या पोरांसाठीं रडतेस?” त्या दिवसापासून तिनें आमच्यापाशीं गाण्याचा विषय काढला नाहीं. आजोबांचा चहा, औषध सारें वेळेवर. पण दोन वर्षें मनाचें एक दार बंद.

खासबागेंत पोहोंचलों तेव्हां उन्हें उतरलीं होतीं. भिंती काळवंडून उभ्या, आणि छपराच्या जागीं उघडें आकाश. वडील ज्या रंगमंचाविषयीं बोलतां बोलतां थांबत, तेथें राख आणि पिळवटलेलें लोखंड. आम्हीं वहाणा काढल्या, आणि आमच्या नकळत डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. ज्या गंधर्वांस आम्हीं त्या मंचावर कधीं पाहिलें नाहीं, त्यांच्यासाठीं आम्ही रस्त्यांत उभे राहून रडत होतों! नात हंसली नाहीं. तिनें आपले बूट काढले आणि आमचा हात धरून उभी राहिली.

नंतर शेजारच्या कट्ट्यावर बसून आम्हीं तिला १९२१ च्या प्रयोगाची हकीकत सांगितली. ती म्हणाली, “आजोबा, आमचेंही असेंच आहे.” २०२० सालीं अमेरिकेंत कृष्णवर्णीयांच्या न्यायासाठीं चळवळ उसळली, तेव्हां या गायकांनीं दहा लक्ष डॉलर दिले, आणि जगभरच्या चाहत्यांनीं तेवढीच रक्कम एका दिवसाच्या आसपास जमविली. तिनेंही खाऊचे पैसे द्यावयाचें योजलें होतें. पण घरांत कोणास विचारण्याचा धीर झाला नाहीं. हें ऐकून आम्ही खालीं मान घालून बसलों.

‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत पारिपार्श्विक विचारतो, कीं भास-सौमिल्लकांसारख्या थोरांस सोडून हयात असलेल्या कालिदासाचें नाटक कां म्हणून करावयाचें? सूत्रधाराचें उत्तर असें, कीं जुनें म्हणून चांगलें नव्हे आणि नवें म्हणून वाईट नव्हे. हा पाठ आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला. वडिलांचा भंग झाला तो गंधर्वांमुळें नव्हे. आपलें बारावें वर्ष परत मिळेल या आशेमुळें. आणि जें आपलें परत येत नाहीं, त्याचा राग आपण मुलांच्या दैवतांवर काढतों.

त्या इमारतीच्या पुनर्बांधणीचें काम पुढें हातीं घेण्यांत आलें. तेथें कोणी गाईल, कोणी मुलगी पिटांत बसून ऐकेल, आणि तिचे आजोबा नाक मुरडतील.

परतीच्या गाडींत आम्हीं नातीस त्या सात गायकांचीं नांवें विचारलीं. तिनें प्रथम आमच्याकडे निरखून पाहिलें. थट्टा नाहीं अशी खात्री पटल्यावर एकेक नांव संथेप्रमाणें सांगूं लागली. मिरज येईपर्यंत चार पाठ झालीं. उरलेलीं तीन सातारा आलें तरी जमलीं नाहींत. पण शिकविणारी एकदांही रागावली नाहीं.